मडके फोडावे, पितळ घासावे

वचन : लेवीय 6:28. सोबत वाचावे : मत्तय 18:15-17 व 2 करिंथ 2:5-11.



जालना जिल्ह्यातील हसनाबाद या गावी एका शनिवारी सायंकाळी मी एका ख्रिस्ती घरी उतरलो होतो. दुसऱ्या दिवशी त्याच घरच्या पडवीत प्रभुभोजनाची उपासना व्हावयाची होती. घराचे पुढचे दार जुन्या वाड्याचे होते. वाडा मोडला तेव्हा ते विकत घेऊन येथे बसविले होते, व त्याची कडी, कोयंडा आणि बिजागऱ्या सर्व पितळी होत्या. घरची वृद्ध आजी चिंचेचा कोळ व मीठ घेऊन दारापाशी बसली होती. चिंचेचे पाणी लाकडावर उतरून डाग पडू नये म्हणून तिने कडीच्या मागे एक जुने फडके घातले होते. तिची नातसून म्हणाली, "आजी, इतकी काळी झालेली कडी घासत बसण्यापेक्षा बाजारातून नवी का आणू नये?" तेव्हा हात न थांबविता आजी म्हणाली, "बाई, पितळ हाय ते. गाडगं असतं तर मीच फेकलं असतं."

त्या माउलीला लेवीयाचे पुस्तक वाचता येत नाही. तथापि तिने जे सांगितले तेच मोशेच्या नियमशास्त्रात लिहिलेले आहे. पापार्पणाचे मांस ज्या भांड्यात शिजविले असेल त्याविषयी तेथे आज्ञा आहे. भांडे मातीचे असल्यास ते फोडून टाकावे. परंतु धातूचे असल्यास ते घासावे आणि मग पाण्याने धुऊन काढावे. शास्त्रात ज्यास पितळ म्हटले आहे ते बहुधा तांबे व कथील यांचे मिश्रण, म्हणजे आपल्याकडचे कासे असावे. आपले पितळ तांबे व जस्त मिळून होते. परंतु घासण्याच्या बाबतीत दोहोंचा धर्म एकच आहे. माती जे घेते ते आपल्या पोटात मुरवून घेते व मग ते निघत नाही. धातू मात्र मळ अंगावर घेतो, पोटात घेत नाही. म्हणून कितीही काळवंडला तरी त्याच्या खाली तो स्वतः शाबूत असतो.

आता प्रश्न असा की, मनुष्य यांपैकी कोणते भांडे आहे? आपल्या मंडळीतील जो भाऊ अथवा जी बहीण पापात पडून काळवंडली, तिला आपण मडके समजावे की पितळ?

हा प्रश्न आपल्या देशात नवा नाही. गाडग्याचा व पितळेचा हा भेद आमच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. विटाळ झाला तर मातीचे भांडे टाकीत व धातूचे घासून, राखेने मांजून घरात घेत. येथवर ती केवळ भांड्यांची रीत होती. परंतु तीच रीत माणसांस लाविली गेली, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांस मडक्यांच्या पंक्तीत बसविण्यात आले. त्यांचा मळ जन्माचाच आहे, तो कशानेही निघावयाचा नाही, असे ठरवून टाकले. इतकेच नव्हे, तर त्यांनी धातूचे भांडे हाती धरणे हासुद्धा अपराध मानला गेला. 1935 च्या नोव्हेंबरात गुजराथेत अहमदाबाद जिल्ह्यातील एका गावी अस्पृश्य मानलेल्या घरांतील काही स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, तेवढ्यावरून त्यांस मारहाण झाली. डॉ. आंबेडकर यांनी 1936 साली छापलेल्या आपल्या सुप्रसिद्ध भाषणात ही हकीकत नमूद केली आहे. त्या स्त्रियांच्या डोक्यावरील घागर पितळेची की तांब्याची हा तेथे प्रश्नच नव्हता. मडक्याच्या जातीने मडकेच वाहावे, हा हट्ट होता.

दुसरी हकीकत आपल्या जालन्याशी संबंध असलेल्या एका घराण्यातील आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचे नाव या भागातील ख्रिस्ती लोकांस ठाऊक आहेच. सर सालारजंग हे निजामाच्या राज्याचे दिवाण असतानाच्या काळात त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. हे नारायणराव जातीने ब्राह्मण. 1843 साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहत असे. तो अल्पवयी असल्यामुळे न्यायालयाने त्यास बापाच्या हवाली केले. मग प्रश्न उपस्थित झाला की, जो मुलगा ख्रिस्ती लोकांत राहिला व जेवला, त्यास जातीत पुनः घेता येईल काय? पुष्कळ शास्त्रीपंडित म्हणाले, नाही. 'दर्पण'कर्ते बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्यावे. आणि त्यासाठी त्यांनी स्वतः निंदा सोसली. श्रीपत आपल्या भावाबरोबर प्रभूच्या मार्गात राहता तर आपणांस आनंद झाला असता, हे उघड आहे. परंतु न्यायाने पाहता, एका लहान मुलास मडक्याप्रमाणे उकिरड्यावर फेकू नका, असे सर्व जातीसमोर सांगणाऱ्या त्या गृहस्थाचे धैर्य आपण मान्य केले पाहिजे.

परंतु, प्रियहो, मी या गोष्टी दुसऱ्यांचे दोष मोजण्यासाठी सांगत नाही. मी त्या सांगतो, कारण ज्यांच्या वाडवडिलांस जगाने मडके म्हटले व ज्यांस प्रभूने उचलून आपल्या मंदिरातील पात्रे केले, तेच आम्ही आज मंडळीत बसून दुसऱ्यास मडके ठरवू लागलो आहो.

मराठवाड्यातील एका मंडळीची गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. एका भावाच्या हाती हंगामाच्या उपकारस्तुतीचे दान ठेवण्यास दिले होते. दारूपायी त्याने ते खर्च केले. पंचांनी चौकशी केली, दोष शाबीत झाला, आणि त्याचे नाव प्रभुभोजनाच्या यादीतून काढले गेले. ते योग्यच झाले. पाप झाले असता मंडळीने डोळे मिटावेत असे शास्त्र सांगत नाही. त्या ठरावास पहिली संमती माझीच होती, आणि ती दिल्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो पुढील गोष्टीविषयी. त्या मनुष्याने दारू सोडली. दोन हंगाम तो बायकोसह ऊसतोडणीस गेला आणि उचलीतून व मजुरीतून थोडेथोडे करून दानाची रक्कम त्याने पै न पै आणून भरली. पंचांनी पैसे मोजून घेतले, पावती लिहून दिली आणि म्हटले, "तुझ्या नावाचे पुढे पाहू." त्यास तीन वर्षे झाली. दर रविवारी तो बायकोमुलांस उपासनेच्या दारापर्यंत आणून पोहोचवितो व स्वतः बाहेर निंबाखाली बसून राहतो. गीते संपली म्हणजे उठतो आणि त्यांस घेऊन घरी जातो. आम्ही त्याच्या जवळून आत जातो, त्याच्या जवळून बाहेर येतो, आणि "पुढे पाहू" यातले ते "पुढे" काही येत नाही.

हसनाबादेस त्या आजीच्या शेजारी बसलो असता हा मनुष्य माझ्या डोळ्यांसमोर आला. तिच्या हातचे काम पाहता पाहता मला चार गोष्टी समजल्या, त्या तुम्हांस सांगतो.

पहिली गोष्ट ही की, पितळ काळे कशाने पडते? कोणी त्यावर काजळ ओतले म्हणून नव्हे. हवा, दमट ऋतू, चुलीचा धूर आणि घामट बोटे एवढ्यानेच ते हळूहळू काळवंडते. त्या दाराच्या कडीचा जो भाग येताजाता सर्वांच्या हाताला लागे तो न घासताही पिवळा होता. परंतु कडीची मागची बाजू, कोयंड्याची खाच व बिजागरीचे कोपरे, जेथे कोणाचा हात पोहोचत नाही, तेच सर्वांत काळे होते. मंडळीतही असेच होते. ज्याच्या घरी पाळक जातो, ज्याची विचारपूस होते, ज्याच्या दुखण्यात चार माणसे येऊन प्रार्थना करितात, तो सहज उजळ राहतो. मग आपण त्याच्या भक्तीची वाखाणणी करितो. जो कोपऱ्यात पडला, ज्याच्या उंबऱ्याकडे वर्षभर कोणी फिरकले नाही, तो काळा पडतो; मग आपण त्यास दोष देतो. त्या भावाने दारूस प्रथम तोंड लाविले त्या वर्षी त्याचे लेकरू वारले होते, हे मला फार उशिरा कळले. त्या वर्षी मी त्याच्या घरी किती वेळा गेलो, हे मी स्वतःस विचारितो, आणि उत्तर देण्यास मला लाज वाटते. यामुळे त्याचे पाप हलके होत नाही. परंतु माझे हात अगदी स्वच्छ ठरत नाहीत.

दुसरी गोष्ट. पितळ घासावयाचे तर आंबट लागतेच. कोरड्या फडक्याने पुसून काळेपण जात नाही. चिंच, लिंबू किंवा आंबट ताक लागते, सोबत मीठ लागते, आणि मनगटात जोर लागतो. ज्या मंडळीत पापास पाप म्हणत नाहीत तेथे प्रीती आहे असे समजू नका. तेथे केवळ आळस आहे. प्रभू येशूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पायऱ्या घालून दिल्या आहेत : प्रथम एकट्याने जाऊन सांगावे, मग दोघातिघांनी, मग मंडळीने. परंतु घासणारा हातही जपून चालावा लागतो. काही लोक उतावळेपणाने वाळू किंवा विटेची भुकटी घेऊन खरवडतात. त्याने काळेपण निघते खरे; पण अंगावर ओरखडे पडतात, ओरखड्यांत पुढे मळ अधिक बसतो, आणि भांड्यावर कोरलेले नावसुद्धा झिजून जाते. जो उपदेश चावडीवर चारचौघांत केला जातो, ज्यात बायकोमुलांसमोर मनुष्याची अब्रू काढली जाते, तो उपदेश वाळूचा आहे. त्याने पाप निघत नाही, मनुष्याचे नाव मात्र निघून जाते.

तिसरी गोष्ट अतिमहत्त्वाची आहे, व तीसाठीच मी हे लिहिण्यास बसलो. आजीने कडी चोळून लख्ख केली तेव्हा नातसून उठून जाऊ लागली. आजीने तिला थांबवून दोन तांबे स्वच्छ पाणी ओतविले, कडी धुऊन घेतली आणि सुक्या फडक्याने कोरडी केली. ती म्हणाली, "आंबट अंगावर राहिलं तर सकाळपत्तुर हिरवं होतंय." हे अगदी खरे आहे. जी चिंच काळेपण काढते, तीच मिठासह पितळेवर राहू दिली तर त्यावर हिरवा कळंक चढविते, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असतो. म्हणून लेवीयाच्या त्या वचनात एक क्रिया नाही, दोन आहेत : घासणे आणि धुणे. प्रियहो, आमच्या मंडळीने पहिली क्रिया पुरी केली आणि दुसरी केलीच नाही. आम्ही त्या भावास शिक्षेच्या आंबटाने चोळले, त्याचे काळेपण निघाले, त्याने पै न पै भरली. आणि आम्ही त्यास आंबटासकट निंबाखाली ठेवून दिले. क्षमेचे पाणी ओतण्याचे कोणासही आठवले नाही. उद्या त्याच्या मनात कडूपणाचा हिरवा कळंक चढला, तर तो त्याचा मळ असेल की आमचा?

करिंथ येथील मंडळीतही एक मनुष्य पडला होता व बहुतेकांनी त्यास शिक्षा केली होती. पौलाने दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात काय लिहिले ते नीट पाहा. झाली एवढी शिक्षा पुरे, असे तो म्हणतो. आता त्यास क्षमा करा व धीर द्या, नाही तर तो दुःखाच्या भाराखाली बुडून जाईल. आणि असे झाल्यास सैतानाचेच साधेल. येथे पौल शिक्षेस चूक म्हणत नाही. शिक्षा जेथे थांबावयास पाहिजे तेथे तो तिला थांबवितो. तोच हात, जो चिंच लावितो, त्याने पाणीही ओतावे.

चौथी गोष्ट. घासलेले पितळ कायमचे पिवळे राहत नाही. पुढच्या पावसाळ्यात ती कडी पुनः मळेल, आणि आजी असेल तर आजी, नसेल तर नातसून, पुनः चिंच घेऊन बसेल. हल्ली नवीन कड्यांवर कारखान्यात रोगणाचा पातळ थर देतात, म्हणजे पुष्कळ दिवस घासावे लागत नाही. परंतु तो थर कोठे टवकला म्हणजे त्याच्या खालून काळेपण पसरू लागते, आणि वरून कितीही चोळले तरी हात तेथे पोहोचत नाही. आधी रोगण उतरवावे लागते. मंडळीत ज्यांचे नाव कधी यादीतून निघाले नाही अशा आम्हां मोठ्या लोकांचे असेच आहे. आमच्या अंगावर सभ्यपणाचे रोगण आहे, आणि त्याखाली काय पसरत आहे हे देवास ठाऊक. प्रभूने शास्त्री व परूशी यांस सांगितले की, वाटीची आतली बाजू प्रथम स्वच्छ करा. निंबाखालच्या मनुष्याचा मळ सर्वांनी पाहिला म्हणून तो निघाला. आमचा कोणी पाहिला नाही म्हणून तो आहे तेथेच आहे.

आता कोणी शास्त्र जाणणारा विचारील, "पौल तर म्हणतो की आमची संपत्ती मातीच्या पात्रांत आहे (2 करिंथ 4:7). मग आम्ही पितळ कसे?" भाऊ, तुझे म्हणणे खरे आहे. आम्ही मातीचेच आहो. पाप आमच्या अंगावरच राहिले नाही, ते आमच्या पोटात मुरले. आणि लेवीयाच्या नियमाप्रमाणे पाहिले तर आम्हां सर्वांस एकच गती होती, ती फोडले जाण्याची. परंतु सुवार्ता ती हीच. वधस्तंभावर एक देह मोडला गेला, आणि तो आमचा नव्हता. प्रभुभोजनाच्या मेजावर पाळक भाकर हाती घेऊन मोडतो तेव्हा तुम्ही काय पाहता? मडक्याच्या वाट्याचे फुटणे त्याने आपल्या अंगावर घेतले, म्हणून आम्हांस पितळेच्या वाट्याचे धुणे मिळाले. मग ज्या मेजावर ही मोडलेली भाकर आहे, त्याच मेजावरून पश्चात्ताप केलेल्या भावास फुटक्या मडक्याप्रमाणे दूर लोटणे म्हणजे काय? जणू प्रभूचे मोडले जाणे पुरे झाले नाही, आणखी एकास मोडले पाहिजे, असेच आपण म्हणतो.

हसनाबादेहून परत आल्यावर मी पंचांस बोलाविले व आपला दोष प्रथम सांगितला. एका वृद्ध पंचाने सरळ विचारिले, "मग उद्या दानाची पेटी पुनः त्याच्या हाती द्यावयाची काय?" प्रश्न वाजवी होता. मी म्हटले, मेजावर घेणे ही एक गोष्ट व किल्ली हाती देणे ही दुसरी. ज्यास दारूचा मोह आहे त्याच्या हाती पैसा न देणे हीही त्याच्यावर दयाच आहे. परंतु किल्ली देता येत नाही म्हणून भाकर देऊ नये, असे शास्त्रात कोठे आहे? पंच काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी त्याचे नाव यादीत पुनः लिहिले.

त्याच संध्याकाळी मी ही बातमी घेऊन त्याच्या घरी गेलो. मला वाटले होते तो रडेल, माझे हात धरील. तो खाटेवर बसून सर्व ऐकत राहिला, आणि मग हलक्या आवाजात म्हणाला, "बरं झालं, पाळकसाहेब. पुढे पाहू."

ते आमचेच शब्द होते. तीन वर्षे आमच्याकडून ऐकून ऐकून ते त्यास पाठ झाले होते. मी घरी आलो व त्या रात्री मला झोप लागली नाही. आंबट अंगावर ठेवले तर सकाळपर्यंत हिरवे होते, असे आजी म्हणाली होती. येथे तर तीन वर्षे झाली. आता एका तांब्याने ते धुतले जावयाचे नाही. मी पुनः गेलो. त्यानंतर तो वृद्ध पंच स्वतः गेला, व त्याच्याबरोबर बसून जेवला. गेल्या रविवारी तो निंबाखालून उठून दाराच्या पायरीपर्यंत आला. अजून आत आलेला नाही. आम्ही जात राहणार आहो.

बंधुभगिनींनो, तुमच्या गावच्या मंडळीत निंबाखाली कोण बसले आहे? पुढील प्रभुभोजनाच्या अगोदर दिव्याची बैठक, पेला, दानाची थाळी व दाराच्या कड्या घासून लख्ख करा. ते चांगले काम आहे, व त्यात मुलांसही हात लावू द्या. परंतु हाताला चिंचेचा वास आहे तोवर एक नाव आठवा. त्या घरी जा. चिंच लावून झाली असेल, तर आता पाणी घेऊन जा.

हे प्रभू, आम्ही माती असता तू आम्हांस फोडले नाहीस. ज्यांस आम्ही घासले व धुतले नाही, त्यांच्या दाराशी आम्हांस पाठीव. आणि आमच्या अंगावरचे रोगण उतरवून आम्हांसही स्वच्छ कर. आमेन.